पंचवीस मजल्यांची आडवी लढाई : पार्श्वबलरोधक रचनेच्या प्रकल्प नोंदी

३ जून २०२४

पुण्यातील एका निवासी इमारतीची प्राथमिक रचना आजपासून हाती घेतली आहे. तळघर वगळता २५ मजले, प्रत्येक मजला ३ मीटर, म्हणजे एकूण उंची ७५ मीटर. मजल्याचा आराखडा २४ मीटर बाय १८ मीटर असून लांब बाजूला समांतर असा २ मीटर रुंदीचा कॉरिडॉर इमारतीच्या मधोमध जातो. कॉरिडॉरच्या दोन्ही बाजूंना सदनिका आहेत. उंची ५० मीटरपेक्षा जास्त असल्यामुळे भूकंपबलांचे आयएस १८९३ आणि भूकंपात टिकणाऱ्या काँक्रीट तपशिलाचे आयएस १३९२० या भारतीय मानकांच्या जोडीला उंच इमारतींसाठीचे आयएस १६७०० हेही मानक लागू होते.

काम असे ठरले आहे : वारा आणि भूकंप यांची आडवी बले पेलणारी भिंतींची मांडणी शोधायची, जिच्यात काँक्रीट आणि सळई कमीत कमी लागेल आणि वास्तुविशारदांच्या खिडक्याही बुजणार नाहीत. ईटॅब्स या इमारत-विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमध्ये मॉडेल उभे करण्याआधी सर्व आकडे हाताने काढायचे, असा माझा आग्रह आहे. सॉफ्टवेअर उत्तर देते, पण कोणत्या अटीमुळे ते उत्तर आले हे आपण शोधावे लागते, आणि ऑप्टिमायझेशनमध्ये नेमके तेच महत्त्वाचे असते.

आखूड दिशा, म्हणजे १८ मीटरची बाजू, आधी सोडवतो. लांब दिशेला लिफ्टच्या गाभ्याच्या भिंती आणि दर्शनी फ्रेम पुरेशा पडतील असे प्रथमदर्शनी दिसते.

६ जून २०२४

पुणे भूकंपक्षेत्र ३ मध्ये येते, म्हणून क्षेत्रगुणक ०.१६. रहिवासी दोनशेहून अधिक असल्याने महत्त्वगुणक १.२. लवचीक तपशिलाच्या काँक्रीट भिंतींसाठी प्रतिसाद घट गुणक ४ घेतला आहे; हा गुणक जितका मोठा, तितके भूकंपाचे बल कमी धरता येते. भिंती आणि फ्रेम यांची दुहेरी प्रणाली दाखवून हा गुणक ५ घ्यावा, अशी सूचना बैठकीत आली होती. तसे केल्यास फ्रेमने एकटीने किमान २५ टक्के आडवे बल पेलले पाहिजे, आणि त्यासाठी सगळ्या मजल्यांवर जाड कॉलम आणि खोल बीम द्यावे लागतील. जे बेस शिअरमध्ये, म्हणजे तळाशी येणाऱ्या एकूण आडव्या बलात, वाचते ते फ्रेममध्ये जाते. त्यामुळे ४ वरच थांबलो.

आखूड दिशेचा मानकातील आवर्तकाल (इमारतीला एकदा डोलायला लागणारा वेळ) ०.०९ गुणिले ७५ भागिले १८ चे वर्गमूळ, म्हणजे १.५९ सेकंद येतो. खाली बेसाल्ट असल्यामुळे कठीण जमिनीचा आलेख लागू होतो आणि बेस शिअर इमारतीच्या भूकंपीय वजनाच्या १.५ टक्के निघतो. वजन सुमारे १,४०,००० किलोन्यूटन धरले, तर बल साधारण २११० किलोन्यूटन.

वाऱ्यासाठी पुण्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर. २४ मीटर रुंदीच्या दर्शनी भागावर वाऱ्याचे ढोबळ बल २४०० किलोन्यूटनच्या आसपास जाते. म्हणजे आखूड दिशेत वारा भूकंपापेक्षा मोठा ठरतो, आणि बैठकीत बहुतेकांनी तेवढ्यावरच निष्कर्ष काढला. परंतु वाऱ्याच्या बलाचा मध्य उंचीच्या निम्म्याहून थोडा वर असतो. भूकंपाचे बल मात्र मानकानुसार उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाटले जात असल्याने त्याचा मध्य पाऊण उंचीवर येतो. तळाशी वाऱ्याचा मोमेंट (बल गुणिले त्याची उंची, म्हणजे इमारतीला वाकवू पाहणारा परिणाम) सुमारे ९७,००० किलोन्यूटन-मीटर भरतो, तर भूकंपाचा १,१८,०००. तळाचा शिअर वाऱ्याचा मोठा, पण मोमेंट भूकंपाचा मोठा. पुढे प्रत्येक टप्प्यावर दोन्ही तपासणे भाग आहे.

११ जून २०२४

पहिली अट म्हणून ड्रिफ्ट, म्हणजे एक मजला खालच्या मजल्याच्या तुलनेत किती सरकतो ते, घेतली. मानकानुसार भूकंपाच्या बलाखाली एका मजल्याची सरक मजल्याच्या उंचीच्या ०.००४ पट, म्हणजे १२ मिलिमीटरच्या आत राहिली पाहिजे. भिंतींना तडे जाणार हे गृहीत धरून त्यांचे जडत्व आघूर्ण (आकारामुळे वाकण्याला होणाऱ्या विरोधाचे माप) ७० टक्केच धरायचे. एम ४० दर्जाचे काँक्रीट घेऊन इमारत एक उभी कॅन्टिलिव्हर (तळाशी पक्की, माथ्याला मोकळी) समजली, तर आखूड दिशेत सुमारे ४० मीटर घात चार इतके जडत्व आघूर्ण लागते. वाऱ्यासाठीची माथ्याची एकूण सरक, उंची भागिले ५००, ही अट ३० वरच भागते.

६ मीटर लांब आणि ३०० मिलिमीटर जाड अशी एक सुटी भिंत ५.४ देते. म्हणजे अशा आठ भिंती लागतील. भिंतींची एकूण लांबी ४८ मीटर, काँक्रीट १०८० घनमीटर. वास्तुविशारद मॅडमनी हा आराखडा पाहिला आणि शांतपणे विचारले, "मग खिडक्या कुठे?" प्रश्न रास्त होता.

१४ जून २०२४

भिंतींची जाडी कमी करून पाहण्याची कल्पना लगेच बाद झाली. आयएस १३९२० मध्ये जोडभिंतींची, म्हणजे बीमांनी एकमेकींना जोडलेल्या भिंतींची, किमान जाडी ३०० मिलिमीटर ठरलेली आहे. ऑप्टिमायझेशनच्या प्रोग्रॅममध्ये जाडी हा चल सर्वांत आधी टाकला जातो, आणि इथे तो पहिल्याच दिवशी गोठला. आता हाताशी उरले : भिंतीची लांबी, भिंतींची जागा आणि दोन भिंतींमधला जोड.

१९ जून २०२४

आजचा हिशेब या कामातील सर्वांत उपयुक्त ठरला.

कॉरिडॉरच्या अलीकडे ६ मीटरची एक भिंत आणि पलीकडे तिच्याच रेषेत ६ मीटरची दुसरी. मध्ये २ मीटरची फट, आणि तीवर प्रत्येक मजल्याला दोन्ही भिंतींना जोडणारा एक कपलिंग बीम. अशा जोडीला पुढे रांग म्हटले आहे. भिंती सुट्या धरल्या तर दोघींचे मिळून जडत्व आघूर्ण १०.८. त्या पूर्णपणे एकजीव झाल्या, तर ६८.४. खरी किंमत या दोहोंच्या मध्ये कुठेतरी असते आणि ती बीमच्या ताठरतेवर ठरते. २५ बीम उंचीभर सलग पसरलेल्या पट्ट्याप्रमाणे गृहीत धरून, बीममधील शिअरची (बीम कापू पाहणाऱ्या बलाची) विकृतीही हिशेबात घेऊन, वेगवेगळ्या खोलींसाठी आकडे काढले.

४५० मिलिमीटर खोल बीमला परिणामी जडत्व आघूर्ण ४६ येते. ६०० ला ते ५४ च्या पुढे जाते, ७५० ला ५९ आणि ९०० ला ६२. बीम अजिबात न देता केवळ स्लॅबचा दीड मीटरचा पट्टा कामाला लावला, तरी १०.८ चे जवळपास २० होतात. म्हणजे पहिल्या ४५० मिलिमीटरमध्येच फायद्याचा मोठा भाग पदरात पडतो. त्यापुढे खोली दुप्पट केली तरी १६ ची भर पडते. हे आकडे वाऱ्याच्या, म्हणजे कमी तडे गेलेल्या अवस्थेचे आहेत. भूकंपासाठी बीमचे ३५ टक्के आणि भिंतीचे ७० टक्के धरले, तर ६०० खोलीच्या एका रांगेला सुमारे ५० मिळतात, आणि गरज ४० ची आहे.

याचा अर्थ असा की ड्रिफ्टपुरता विचार केला तर एकच जोडरांग पुरते. आठ भिंतींचे काम दोन भिंती करतात, कारण आडव्या बलाचा मोठा वाटा आता एका भिंतीत दाब आणि दुसरीत ताण अशा जोडीने पेलला जातो. वास्तुविशारद मॅडम आणि आमच्यात कॉरिडॉरच्या फॉल्स सीलिंगसाठी बीमच्या खोलीवरून जी ओढाताण चालू होती, ती ताठरतेच्या दृष्टीने अनाठायी होती. अर्थात एका रांगेवर इमारत उभी करणार नाही. त्याला कारणे पुढच्या नोंदींत येतील. सध्या दोन रांगा, चार भिंती, २४ मीटर लांबी असे धरतो.

२५ जून २०२४

ड्रिफ्टची अट मागे पडली आणि तिच्या जागी बीममधील शिअर आला.

दोन रांगांमध्ये प्रत्येकीच्या वाट्याला भूकंपाचा सुमारे ५९,००० किलोन्यूटन-मीटर मोमेंट येतो. त्यातील अंदाजे ७० टक्के जोडीच्या मार्गाने जातो असे धरले, तर प्रत्येक भिंतीत ५२०० किलोन्यूटनच्या आसपास ताण किंवा दाब निर्माण होतो. हे सगळे बल २५ बीमच्या शिअरमधूनच भिंतीत पोहोचते. वाटणी मात्र समान नसते. पाव ते एकतृतीयांश उंचीवरच्या बीमना सर्वाधिक भार येतो. भारगुणक धरून तिथला शिअर ४३५ किलोन्यूटनच्या घरात जातो.

मानक म्हणते की शिअरचा ताण ०.१ गुणिले काँक्रीटच्या सामर्थ्याचे वर्गमूळ गुणिले बीमच्या गाळ्याचे (दोन भिंतींमधील मोकळ्या लांबीचे) खोलीशी प्रमाण, या मर्यादेपलीकडे गेला, तर संपूर्ण शिअर तिरक्या सळयांनी पेलला पाहिजे. ही मर्यादा ताणाऐवजी बलात मांडली की एक मजेदार गोष्ट दिसते : छेदात आणि अंशात दोन्हीकडे खोली येते आणि जवळपास कटून जाते. उरतात गाळा, रुंदी आणि काँक्रीटचा दर्जा. २ मीटर गाळा, ३०० रुंदी आणि एम ४० यांसाठी ती मर्यादा सुमारे ३५० किलोन्यूटन येते. बीम ४५० चा असो वा ७५० चा, तिच्यात फारसा फरक पडत नाही. तेव्हा "बीम खोल करा, शिअर बसेल" हा साइटवर आणि ऑफिसात सर्रास मिळणारा सल्ला या अटीला लागू पडत नाही.

तिरक्या सळयांना माझा तात्त्विक विरोध नाही. १९६४ च्या अलास्का भूकंपात अँकरेज येथील माउंट मॅकिन्ली इमारतीच्या अशाच बीमांना फुलीच्या आकाराचे तडे गेले होते. त्यानंतर न्यूझीलंडमधील कँटरबरी विद्यापीठात थॉमस पॉले यांनी आखूड बीममध्ये कर्णरेषेवर सळया टाकण्याची पद्धत विकसित केली, आणि ती आज जगभरच्या मानकांत आहे. पण या पद्धतीचा फायदा बीम आखूड आणि खोल असेल तरच होतो. आमच्या २ मीटर गाळ्यात ६०० खोलीच्या बीमची कर्णरेषा आडवीशी जवळपास समांतर होते, कोन १२ अंशांच्याही खाली राहतो. तेवढ्याशा कोनातून उभे बल पेलायला सळयांचे क्षेत्रफळ भरमसाट लागते. शिवाय ३०० मिलिमीटर जाडीत दोन तिरके पिंजरे एकमेकांना छेदून जाणार, त्यांभोवती जास्तीत जास्त १०० मिलिमीटरवर रिंगा, बाहेरून बीमच्या स्वतःच्या रिंगा, आणि दोन्ही टोकांना भिंतीच्या कडेच्या दाट उभ्या सळया. फिटरने एक पिंजरा आत सरकवला की दुसऱ्याला जागा उरत नाही, आणि व्हायब्रेटरची नळी तर कुठूनच जात नाही.

त्यामुळे बीमला त्रास होतो म्हणून तो मजबूत करण्यापेक्षा त्याच्यावर येणारे बलच वाटून देणे श्रेयस्कर दिसते.

२ जुलै २०२४

दोनऐवजी तीन रांगा घेतल्या, आणि भिंत ६ ऐवजी ५ मीटरची केली. म्हणजे एकूण लांबी ३० मीटर. प्रत्येक बाजूला दर्शनी भागात ३ मीटर मोकळे राहिले, तिथे खिडक्या बसतात. ६०० खोलीच्या बीमला कमाल शिअर आता ३३० च्या आसपास येतो, मर्यादा ३५०. नेहमीच्या उभ्या रिंगांवर भागते. तिन्ही रांगांचे मिळून जडत्व आघूर्ण ९७ म्हणजे गरजेच्या दुपटीहून अधिक होते.

भिंती आणखी आखूड, ४ मीटरच्या करण्याचा मोह झाला होता, पण दोन्ही भिंतींच्या मध्यांतील अंतर ७ वरून ६ मीटरवर येते आणि तेवढाच मोमेंट पेलायला बीममधील शिअर वाढतो. इथे लांबी वाचवणे म्हणजे बीमला अडचणीत आणणे. ५ मीटर कायम.

बैठकीत नेहमीचा प्रश्न आला : इमारत थोडी मऊ ठेवली तर आवर्तकाल वाढून भूकंपाचे बल कमी होणार नाही का? तीन रांगांच्या या रचनेचा गणिती आवर्तकाल ३ सेकंदांच्या आसपास येतो आणि मानकाचा १.५९. गतिकी विश्लेषणाचा बेस शिअर कमी आला, तर तो मानकाच्या बेस शिअरपर्यंत वाढवून घ्यावा लागतो. तेव्हा मऊपणाचे बक्षीस मानक देत नाही. सरक मात्र पूर्ण वाढते.

९ जुलै २०२४

रांगा कुठे ठेवायच्या? पहिल्या आराखड्यात त्या मध्यापासून ८ मीटरवर, मध्यात, आणि पलीकडे ८ मीटरवर होत्या. पीळ तपासल्यावर हे चालणार नाही हे स्पष्ट झाले. २४ बाय १८ च्या मजल्याच्या वस्तुमानाची परिभ्रमण त्रिज्या (वस्तुमान मध्यापासून किती दूर पसरले आहे त्याचे माप) ८.६६ मीटर येते. आयएस १६७०० नुसार पिळाचा आवर्तकाल सरळ डोलण्याच्या लहान आवर्तकालाच्या ०.९ पटीत राहायला हवा. त्यासाठी भिंतींच्या ताठरतेची त्रिज्या ९.६ मीटर लागते. ८ मीटरच्या मांडणीत ती ६.५ भरते. मधली रांग पिळाला काहीच मदत करत नाही, कारण तिची तरफ शून्य असते.

टोकाच्या रांगा ११ मीटरवर, म्हणजे आखूड बाजूच्या कडेच्या भिंतींना जवळपास चिकटवून नेल्या, तर त्रिज्या ९ मीटरपर्यंत जाते. उरलेला फरक लांब दर्शनी भागातील फ्रेमने भरून काढायचा. ती फ्रेम मध्यापासून ९ मीटरवर असल्याने तिची ताठरता भिंतींच्या १५ टक्के असली तरी पुरते. तेथील बीम ३०० बाय ६०० केले.

दुसरा लाभ अनपेक्षित मिळाला. टोकाच्या दोन्ही रांगा कॉरिडॉरच्या शेवटी आल्या, जिथे स्प्रिंकलरचा पाइप पुढे कुठेच जात नाही. पाइपला ओलांडायचा बीम आता फक्त मधला, लिफ्टसमोरचा, आणि तिथे बीमखाली २.४ मीटर उंची मिळते. फॉल्स सीलिंगचा वाद त्यामुळे एका जागेपुरता उरला.

१५ जुलै २०२४

टोकाकडे सरकण्याची किंमत आज समोर आली. मानकानुसार इमारतीच्या लांबीच्या ५ टक्के, म्हणजे १.२ मीटर इतकी आकस्मिक विकेंद्रितता (बल मध्यापासून अनपेक्षितपणे बाजूला सरकणे) धरावी लागते. तिच्यामुळे टोकाच्या रांगेचा वाटा १६ टक्क्यांनी वाढतो. बीममधील शिअर ३३० वरून ३८५ वर जातो आणि ३५० ची मर्यादा ओलांडतो. खोली वाढवून उपयोग नाही हे आधीच दिसले आहे. रुंदी आणि काँक्रीटचा दर्जा हेच दोन मार्ग.

टोकाच्या रांगा ३५० मिलिमीटर जाडीच्या केल्या. ताठरता वाढल्याने त्या अधिक बल ओढून घेतात आणि शिअर ४०५ होतो, तर मर्यादा ४०७. कागदावर बसते, पण एवढ्या काठावरचे मी स्वीकारणार नाही. खालच्या निम्म्या उंचीत, जिथे शिअर सर्वाधिक आहे, तिथे एम ५० काँक्रीट देण्याचे ठरले. मर्यादा ४५० च्या वर गेली.

त्याहून गंभीर बाब उचलीची निघाली. टोकाच्या भिंतीवर मजल्यांचा भार कमी येतो. शेजारचा कॉलम मध्यापासून ५.५ मीटरवर असताना कायम भाराच्या ०.९ पट सुमारे ६३०० किलोन्यूटन होतात, आणि भूकंपाची उचल ७२०० च्या घरात. भिंतीच्या तळाशी निव्वळ ताण येणार, आणि पायाला खडकात अँकर द्यावे लागणार. त्याऐवजी कॉलमची ती ओळ मध्याकडे सरकवून ४ मीटरवर नेली. स्लॅबचा गाळा ७ मीटर झाला, बीम थोडे जड झाले, पण भिंतीवरचा भार ७५०० च्या पुढे गेला आणि ताण मिटला. पार्श्वबलाचा प्रश्न उभ्या भाराने सुटला, हे या प्रकारच्या कामात वारंवार घडते. त्यामुळे पार्श्वबल आणि उभा भार या दोन्ही टेबलांवर वेगवेगळे लोक बसवू नयेत असे माझे मत आहे.

२४ जुलै २०२४

ईटॅब्सचे मॉडेल उभे राहिले. भिंती पृष्ठ-घटकांनी आणि कपलिंग बीम रेषा-घटकांनी दाखवले आहेत, बीमचे टोक भिंतीच्या आत नेऊन तिथे ताठ दुवा दिला आहे. तो न दिल्यास बीम भिंतीच्या एका बिंदूवर बिजागरीसारखा फिरतो आणि जोड असूनही भिंती सुट्या वागतात. तिसऱ्या व्यक्तीचे मॉडेल तपासताना मी पहिल्यांदा हेच पाहतो.

हाताच्या आकड्यांशी मेळ चांगला आहे. आवर्तकाल १ सेकंदापेक्षा जास्त, म्हणून वाऱ्याचे बल गस्ट फॅक्टर पद्धतीने, म्हणजे झोतांमुळे इमारत डोलते हे धरून, पुन्हा काढायचे आहे. सर्वांत वरच्या मजल्यावरचा प्रवेग निवासी इमारतीसाठी ०.१५ मीटर प्रति सेकंद वर्ग या मर्यादेत आहे का, हेही तपासायचे आहे.

मालकांच्या प्रतिनिधींनी विचारले की बीम तुटतील असे तुम्हीच सांगता, मग असे तुटणारे बीम कशाला? त्यांना १९७२ च्या डिसेंबरमधील मनाग्वाचे उदाहरण दिले. निकाराग्वाच्या त्या भूकंपात टी. वाय. लिन यांनी रचलेली बँको दे अमेरिका ही १८ मजली इमारत उभी राहिली. तिचे चार गाभे बीमांनी जोडलेले होते. बीमांना तडे गेले, गाभे स्वतंत्रपणे डोलू लागले, आणि भिंती शाबूत राहिल्या. नुकसान कुठे व्हावे हे आधी ठरवता येणे हा जोडभिंतींचा खरा गुण आहे, आणि म्हणूनच बीमच्या तपशिलात काटकसर करत नाही.

३१ जुलै २०२४

हिशेब : सुट्या भिंतींच्या १०८० घनमीटरच्या जागी आता भिंतींना ७५० घनमीटर काँक्रीट लागते, आणि हा फरक घडवून आणणाऱ्या ७५ कपलिंग बीमना सर्व मिळून ३० घनमीटर. वाढलेले एम ५० आणि कॉलम सरकवल्याने जड झालेले स्लॅबचे बीम यांची किंमत यातून वजा व्हायची आहे.

भिंतीच्या कडेला दाब ०.२ गुणिले काँक्रीटच्या सामर्थ्यापेक्षा जास्त येत असल्याने खालच्या मजल्यांत कडेचे विशेष, दाट सळयांचे भाग द्यावे लागतील. दाब ०.१५ पटीच्या खाली गेला की मानक ते थांबवू देते. तो मजला प्रत्येक रांगेसाठी वेगळा येईल, आणि तो निश्चित होईपर्यंत सळईचे वेळापत्रक साइटला पाठवू नये, असे ड्रॉइंग विभागाला कळवले आहे.